वस्त्र चक्क्यांचा हरताळ : मुंबईतल्या प्राचार्यांना एक खुले पत्र

मा. प्राचार्य आणि विभागप्रमुख,
मुंबईतील पदवी महाविद्यालये,
यांस सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक म्हणून बसले होते. टेबलावर काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकांची, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव प्रतींची, चळत. सकाळपासून तीच ती प्रस्तावना, तेच ते 'संशोधनाचे महत्त्व' चाळून डोळे चुरचुरायला लागले होते. एका पानावर मात्र अडखळले. लिहिलं होतं : 'वस्त्र चक्क्यांच्या मजुरांनी १९८२ साली हरताळ पुकारला. त्यात सुमारे अडीच लक्ष श्रमिक सामील होते.'

वस्त्र चक्क्या? दुसऱ्यांदा वाचल्यावर उजेड पडला. या आपल्या कापडगिरण्या. गिरणीला समानार्थी शब्द चक्की. चूक कशी म्हणणार, दळण आपण चक्कीवरच नेतो की. पुढे 'मान्यताप्राप्त युनियन'ची 'स्वीकृत एकी' झाली होती, आणि बोनसची झाली होती 'बक्षिसी'. तिथे मात्र मला हसू आलं नाही. बोनस म्हणजे मालकाने खूश होऊन हातावर ठेवलेले पैसे नव्हेत, तो कामगाराचा हक्क आहे, एवढं कायद्याने मान्य व्हायला १९६५ साल उजाडलं. त्यासाठी आधी किती वर्षं भांडण चाललं होतं, ते गिरणगावात कुणालाही विचारा. आणि आता त्याच गिरणगावातल्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये बोनसची बक्षिसी झाली होती.

मुलगी लालबागची. तिला विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम. म्हणजे आधी वेगळं होतं. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्यांच्या मजकुराशी ३८ टक्के साम्य आलं. सरांनी सांगितलं, दहाच्या आत आण, नाहीतर सही मिळणार नाही. मग बसून एकेक शब्द बदलला. तीन रात्री लागल्या."

तिने कुणाला पैसे देऊन 'प्लॅग काढून' (म्हणजे सॉफ्टवेअरला सापडणारी उचलेगिरी पुसून) घेतला नव्हता. स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानांत ती सोय आहे, आणि दर काय चाललाय हे आपल्यापैकी अनेकांना विद्यार्थ्यांइतकंच ठाऊक आहे. हिने शब्दकोश घेऊन स्वतः मेहनत केली होती. मी ब्लॅक बुक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "बरं, संप का झाला ते सांग."

तिने सांगितलं. आजोबा गिरणीत साचे चालवायचे, तिथून सुरुवात केली. १८ जानेवारीला संप सुरू झाला, दत्ता सामंत या पुढाऱ्याकडे कामगार का गेले, पगाराचं काय, बोनसचं काय. मग म्हणाली, "मॅडम, १९४६च्या कायद्याने एकाच युनियनला बोलायचा हक्क होता. आणि जिला तो होता तिच्यावर आमच्या माणसांचा विश्वास नव्हता. म्हणून मागण्यांमध्ये तो कायदा रद्द करा ही पण मागणी होती." थोडं थांबून, "संप मागे घेतला असं कुणी जाहीर केलंच नाही कधी. आजोबा म्हणायचे, आम्ही अजून संपावरच आहोत."

हेच वाक्य, 'एकाच युनियनला बोलायचा हक्क', तिच्या ब्लॅक बुकात 'स्वीकृत एकी'च्या चिखलात रुतून बसलं होतं. तोंडी तिने ज्या परिच्छेदाचा अर्थ लख्ख करून सांगितला, तोच लेखी तिने मारून टाकला. आणि रिपोर्टवर आकडा होता ९ टक्के. सगळं नियमात. (तिला गुण किती दिले ते विचारू नका. बाहेरच्या परीक्षकांशी वाद झाला, एवढं सांगते.)

माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. दुसऱ्याचा मजकूर आपल्या शब्दांत कसा मांडायचा हे तिला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही आहे. तिच्या वर्गावर मी दोन वर्षं होते.

'स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहा' ही सूचना मूल तिसरी-चौथीपासून वाचतं. कशी लिहायची ते कुणी दाखवत नाही, आणि ज्याला आपसूक जमतं त्याचं काय होतं तेही सांगते. माझा मुलगा चौथीत असताना परिसर अभ्यासात प्रश्न होता, विहिरीला पाणी कुठून येतं. त्याने लिहिलं : 'पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. खाली कठीण दगड लागला की अडतं आणि साचतं. तेच विहिरीत येतं.' बाईंनी लाल पेनाने काट मारून खाली पुस्तकातलं वाक्य लिहून दिलं, 'भूगर्भातील जलस्तर' वगैरे. पालकसभेत मी विचारलं, तर म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे हो, पण तपासणारा पुस्तकातले शब्द शोधतो." त्यांचंही खोटं नव्हतं. साठ मुलांच्या वह्या तपासायच्या तर शब्द शोधणंच परवडतं. पण दहा-बारा वर्षं मुलाच्या हाताला ही सवय लावून, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आणणारा हुशार असं ठरवून, मग पदवीला आल्यावर आपण त्यालाच म्हणतो, की हे तर कॉपी आहे. त्याने कुणाचं ऐकायचं?

मी स्वतःही याच वाटेने आले. एम.फिल.च्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मी मार्गदर्शकांना दिला तेव्हा त्यात एका इंग्रजी पुस्तकातली वाक्यं होती. चोरली असं मला वाटत नव्हतं. दर चार शब्दांमागे एक शब्द बदलला होता, कर्मणी प्रयोगाचा कर्तरी केला होता, आणि हे मी रात्री जागून, प्रामाणिकपणे केलं होतं. सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं : 'हे कुणाचं?' मी खुलासा करायला गेले, तर त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आता सांग, तो काय म्हणतोय." मला दोन वाक्यांपलीकडे सांगता येईना. मला ते प्रकरण समजलंच नव्हतं. शब्द बदलण्याच्या गडबडीत ते कळलंही नव्हतं.

अशा लेखनाला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९०च्या दशकात 'पॅचरायटिंग' असं नाव दिलं. ठिगळं लावणं. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच, वर शब्दांची ठिगळं. त्यांचं म्हणणं असं, की ही दर वेळी चोरी नसते. मजकूर आवाक्याबाहेरचा असला की नवखा माणूस वाक्याला धरूनच चालतो, भिंतीला धरून चालणाऱ्या मुलासारखा. ती एक पायरी आहे आणि शिक्षकाने तिथून पुढे न्यायचं असतं. पुढे त्यांनी आणि सँड्रा जेमिसन यांनी अमेरिकेतल्या १६ कॉलेजांमधले १७४ विद्यार्थी-निबंध तपासले, तेव्हा दिसलं की मुलांनी दिलेल्या संदर्भांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास संदर्भ मूळ लेखाच्या पहिल्या दोन पानांतलेच आहेत. म्हणजे तिकडेही पोरं तिसऱ्या पानापर्यंत जात नाहीत. वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आता आपल्याकडच्या नियमांकडे येते, कारण 'यूजीसीचा नियम आहे' हे वाक्य आपल्या प्रत्येक मीटिंगमध्ये येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्य रोखण्याबाबतची नियमावली २०१८ची. तिच्यातले टक्के आपल्याला तोंडपाठ आहेत : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे ४०पर्यंत एक पायरी, ६०पर्यंत दुसरी, त्याच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे टक्के मुळात प्रबंध-शोधनिबंधांसाठी आहेत. टीवायच्या ब्लॅक बुकाला आपण ते आपल्या हौसेने लावले. आणि त्याच नियमावलीत टक्क्यांच्या अगोदर एक कलम आहे, ते मात्र कुणी वाचून दाखवत नाही. संस्थेने दर सत्रात या विषयावर जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, आणि शैक्षणिक प्रामाणिकपणाची मूलतत्त्वं पदवीपासूनच्या अभ्यासक्रमात सक्तीचा भाग म्हणून शिकवावीत, असं तिथे आहे. शिकवा, आणि मग मोजा. आपण फक्त मोजतो.

मोजतानाही नीट मोजत नाही. योग्य श्रेय देऊन अवतरणात दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर हे सगळं आकड्यातून वगळायचं असतं. सर्वज्ञात गोष्ट किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ पर्यंतचे शब्दही वगळायचे असतात. लालबागच्या मुलीच्या ३८ टक्क्यांत संदर्भसूची धरली होती की नव्हती, मी तिच्या मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी रिपोर्टचं पहिलं पान पाहिलं होतं. आकडा त्याच पानावर असतो.

मी काय करते ते सांगते. फार मोठं काही नाही, आणि दर वेळी जमतंच असंही नाही.

एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) वर्गात मी एक छोटा परिच्छेद वाटते. गेल्या वर्षीचा असा होता : '२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात मात्र ७३ मिलिमीटर पाऊस पडला. शहरातली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेईल अशा बेताने बांधलेली असल्यामुळे आणि त्या दुपारी समुद्राला भरती असल्यामुळे उपनगरांत साचलेले पाणी समुद्रात जाऊ शकले नाही.' ही मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण २६ जुलैची गोष्ट मुंबईत प्रत्येक घरात आहे. कुणाचे वडील अंधेरीहून चालत कल्याणला निघाले होते, कुणाची मावशी बेस्टच्या बसच्या टपावर रात्रभर बसली होती.

आधी काहीही न शिकवता सांगितलं, स्वतःच्या शब्दांत लिहा. दहा मिनिटांनी कागद गोळा केले. निम्म्याहून जास्त कागद चक्कीवाले : 'सांताक्रूझ येथील वेधशाळेमध्ये चोवीस तासांमध्ये ९४४ मिमी पर्जन्य नोंदवण्यात आले.' पाऊस काढून पर्जन्य घातलं की झालं आपलं. ते अपेक्षितच होतं. मला धडकी भरली ती पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलाच्या उत्तराने. त्याने लिहिलं होतं : 'त्या दिवशी मुंबईत ९४४ मिमी पाऊस कोसळला आणि गटारं तुंबल्याने अख्खं शहर पाण्याखाली गेलं.'

भाषा किती सुटसुटीत. शब्द त्याचेच. सॉफ्टवेअरला विचारा, शून्य टक्के. पण हे वाक्य खोटं आहे. सांताक्रूझला पडलेला पाऊस त्याने मुंबईवर पाडला, आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्यात ७३ मिमी होता, हे दोन ओळींवर लिहिलेलं असताना. गटारं तुंबली असं परिच्छेदात कुठेही नाही. कुवत कमी होती आणि भरती होती, असं आहे. तुंबणं वेगळं आणि कुवतच नसणं वेगळं. तुंबली असती तर साफ करून भागतं, कुवत नसेल तर नाले नव्याने बांधावे लागतात. एका शब्दाने महापालिकेच्या खर्चाचं अख्खं पान बदलतं. आणि 'अख्खं शहर' हे त्याचं स्वतःचं. घरी ऐकलेली गोष्ट त्या कागदावर उतरली होती. कागदावरचा परिच्छेद त्याने वाचलाच नव्हता, ओळखीचा वाटला म्हणून पुढे गेला होता.

याला आपली टक्केवारी काय करणार? चक्कीवाल्याला पकडणार आणि याला सोडणार. मला विचाराल तर वाचकाच्या दृष्टीने दुसरा जास्त घातक.

मग दुसरा तास. मी लहानपणी म्युनिसिपालटीच्या शाळेत होते. श्लोक शिकवताना आमचे मास्तर अर्थ सांगायच्या आधी अन्वय लावून घ्यायचे. "आधी क्रियापद शोधा. मग विचारा कोण. मग विचारा काय, कुठे, का." आता अन्वय म्हटलं की मुलं माझ्याकडे 'ही कुठल्या जमान्यातली' अशा नजरेने बघतात. पण मराठीत क्रियापद शेवटी असतं, आणि पुस्तकी मराठीत तर कर्त्यापासून क्रियापदापर्यंत एसटीचा प्रवास असतो. त्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य घ्या. क्रियापद कुठलं? 'जाऊ शकले नाही.' काय जाऊ शकलं नाही? पाणी. कुठे? समुद्रात. कुठलं पाणी? उपनगरांतलं. का नाही? इथे वर्गातून दोनतीन आवाज येतात, कारण कारणं दोन आहेत, आणि पहिल्या कारणाच्या पोटात 'तोही ओहोटीच्या वेळी' अशी एक अट दडलेली आहे. ती अट सापडली की मुलांचे चेहरे बदलतात. ओहोटीलाच २५ मिमी झेपतंय, तर भरतीला काय होईल! वाक्य इतक्या वेळा वाचून ते आत्ता कळलेलं असतं.

एवढं झालं की कागद उपडे ठेवायला सांगते. पेनंही खाली. शेजारच्याला सांगायचं, लोकलमध्ये शेजारी बसलेल्याला सांगतो तसं. वर्गात बाजार भरतो. एकदा शिपाईमामा येऊन बघून गेले, की मॅडम आहेत ना वर्गात. ऐकणाऱ्याने फक्त 'म्हणजे?' एवढंच विचारायचं. 'म्हणजे?' या प्रश्नाइतकं चांगलं अवजार मला अजून मिळालेलं नाही. मग लिहायचं, कागद उपडाच ठेवून. आणि मग उलटा करून पेन्सिलीने दोन गोष्टी बघायच्या : सलग पाच-सहा शब्द तसेच आलेत का, आणि मुळात नसलेलं काही घुसलंय का, किंवा असलेलं काही गळलंय का.

भांडणं इथेच होतात, आणि शिकणंही इथेच होतं. 'चोवीस तासांत' हे बदलायचं का? नाही रे बाबा, आकडा आहे. '९४४ मिमी' लिहिलं तर ते कॉपी धरतील? धरणार नाहीत, आणि धरलं तर माझ्याकडे पाठव. 'पर्जन्यजलवाहिन्या'ला पावसाचं पाणी नेणारे नाले म्हटलं तर चालेल? चालेल. 'ताशी' काढलं तर? तर संपलंच सगळं, २५ मिमी दिवसाला की तासाला? नावं, आकडे, पारिभाषिक शब्द यांना हात लावायचा नाही. बोनस तो बोनसच. बदलायची ती मांडणी. वाक्य कुठून सुरू करायचं, कुठे तोडायचं, कारण आधी की परिणाम आधी.

कुर्ल्याच्या एका मुलीने दुसऱ्या खेपेला लिहिलेलं हे : 'त्या दिवशी पाऊस सगळीकडे सारखा नव्हता. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला फक्त ७३. उपनगरांत पाणी साचून राहिलं ते नुसत्या पावसामुळे नाही. जुने नाले तासाला २५ मिमीच पाणी नेऊ शकतात, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दुपारी भरती होती.' व्याकरण, विरामचिन्हं यांवर बोट ठेवता येईल. पण हिला तो परिच्छेद समजला आहे, हे मी शपथेवर सांगू शकते.

पण तिच्या उत्तरात एक गोष्ट नव्हती, आणि जवळजवळ कुणाच्याच नव्हती. हे कुठून घेतलं? त्यासाठी मी मुलांना 'म्हणे'ची आठवण करून देते. आपल्या बोलण्यात श्रेय देण्याची काय सुंदर सोय आहे बघा. 'उद्या पाणी येणार नाही म्हणे.' म्हणजे मी ऐकलं, माझं नाही, खरं-खोटं ज्याचं त्याच्यापाशी. चाळीतल्या नळावरची बातमीसुद्धा कुणी 'म्हणे' लावल्याशिवाय पुढे पाठवत नाही. हीच मुलं लिहायला बसली की जगातलं सगळं ज्ञान त्यांना स्वतःलाच झालेलं असतं. लेखी मराठीत 'म्हणे'च्या जागी लेखकाचं नाव आणि एक नेमकं क्रियापद लागतं : अमुक लेखिका सांगतात, मांडतात, दावा करतात, कबूल करतात, शंका घेतात. 'दावा करतात' आणि 'दाखवून देतात' यांत किती अंतर आहे ते कळायला एक अख्खा तास जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. सगळे शब्द आपले असले तरी विचार दुसऱ्याचा आहे, तेव्हा नाव द्यायचंच. हे मुलांना सगळ्यात पचायला जड जातं. "पण मॅडम, वाक्य तर मी बनवलं!"

आता इंग्रजीचा प्रश्न, जो आपल्या शहरात सगळ्यात मोठा आहे आणि ज्याबद्दल आपण मीटिंगमध्ये बोलत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं एफवायला इंग्रजी लेख वाचतात आणि इंग्रजीत लिहितात. अशा मुलाने ते वाक्य मोडून नवं बनवावं, तर त्याच्याजवळ बनवायला दुसरं इंग्रजी आहे कुठे? तो मूळ वाक्याला चिकटून राहतो. मी अशा मुलांना सांगते : इंग्रजी वाच, कागद उपडा कर, मराठीत सांग, आणि ते मराठी ऐकून इंग्रजीत लिही. जे उतरतं ते छोटं असतं, कधी 'द' राहतो, कधी क्रियापदाचा काळ चुकतो. पण ते त्याचं असतं. आणि मग आपण काय करतो? व्याकरणाचे गुण कापतो. शेजारच्याने उचललेल्या बिनचूक वाक्याला पूर्ण गुण देतो. उचलेगिरीला बक्षीस (बोनस म्हणू या हवं तर) देणारी ही व्यवस्था मुलं फार लवकर ओळखतात. आणि उलटही होतं : इंग्रजी लेखाचं जसंच्या तसं मराठी भाषांतर करून आपल्या नावावर खपवायचं. आमच्या कॉलेजातल्या सॉफ्टवेअरने ते आजवर एकदाही पकडलेलं नाही.

"पण मॅडम, आता तर ॲप करून देतं," असं मुलंही म्हणतात आणि स्टाफरूममध्ये सहकारीही. देतं ना. २०२१ साली गिलोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघा संशोधकांनी छापून आलेल्या शोधनिबंधांत विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले. 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल', म्हणजे छातीवरचं संकट. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. यंत्राकडून शब्द बदलून घेतले की हे होतं. वस्त्र चक्क्याच त्या, परदेशी. आजची ॲप्स इतकी बावळट राहिलेली नाहीत, ती गोड वाक्यं देतात. पण ९४४ मिमी सांताक्रूझला की मुंबईला, हे ॲपने गाळलं की तसंच ठेवलं, हे तपासायला माणसाला मूळ परिच्छेद समजलेला लागतो. म्हणजे फिरून आपण उपड्या कागदापाशीच.

तेव्हा माझी मागणी. एफवायच्या पहिल्या सत्रात, कुठल्याही विषयाच्या खात्यात टाका, पण चार तास सलग या कामाला द्या. अंतर्गत गुणांतले पाच गुण अशा उताऱ्याला ठेवा आणि त्या पाच गुणांत इंग्रजीचं व्याकरण मोजू नका, अर्थ मोजा. ब्लॅक बुकासोबत मुलाने ज्या पानांवरून सगळ्यात जास्त घेतलं त्या दोन पानांची झेरॉक्स जोडायला सांगा, म्हणजे परीक्षकाला समोरासमोर ठेवून बघता येईल. व्हायवाला पहिला प्रश्न एकच असू द्या : पुस्तक मिटा आणि सांगा. आणि साम्याचा रिपोर्ट सही करण्याआधी कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचावा, यासाठी मार्गदर्शकाला वेळ द्या. सोळा-सोळा प्रोजेक्ट एका माणसावर टाकले की तो पहिलंच पान बघणार.

पोर्शन पूर्ण होत नाही, वर्गात एकशेवीस मुलं, हे मला माहीत आहे. माझ्या वर्गातही एकशेदहा होती. जोड्या केल्या की मुलंच एकमेकांची तपासतात, मी वीसेक कागद बघते. आणि कबूल करते, एका तुकडीत हा प्रयोग सपशेल पडला. दुपारी दोनचा तास, पंखे बंद, निम्म्यांनी बाकाखाली मोबाइलवर उत्तर काढलं, उरलेल्यांनी शेजाऱ्याला परिच्छेदाऐवजी आयपीएलचा स्कोअर सांगितला. सकाळचा तास मिळाला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

लालबागची ती मुलगी आता एका वकिलाच्या ऑफिसात कामाला लागली आहे. परवा दादरला भेटली. म्हणाली, मॅडम, सर मला जुनी निकालपत्रं देतात आणि सांगतात दोन पानांत काय आहे ते लिही. मी विचारलं, जमतं का? म्हणाली, "पहिल्यांदा मी 'अपील'ला 'विनवणी' लिहिलं."

वेळापत्रकं मेअखेर लागतात. त्याआधी ज्यांना या चार तासांची टिपणं, उतारे, मुलांचे (नावं काढलेले) कागद हवे असतील त्यांनी कळवावं, मी झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. शिक्षकांसाठी एखादा वर्ग घ्यायचा असेल तर शनिवारी सकाळी मी मोकळी असते. दुपारी नको.

आपली,
समाजशास्त्राची एक प्राध्यापिका,
परळ, मुंबई